काशाबाईची पऱ्हाटी

जानेवारी, गुरुवार, संध्याकाळ

आज नव्या बॉयलरचं पाणी आलं. आमच्या कॉलनीत सगळ्या घरांना एकाच बॉयलरमधून गरम पाणी येतं. जुना डिझेलवर चालायचा, हा पऱ्हाटीचा भुसा दाबून केलेल्या ठोकळ्यांवर चालणार. कमिटीत हट्ट माझाच होता. 'कापसाच्या काड्या शेतात वाया जातात,' असं अर्जात मीच लिहिलं.

वाया.

दुपारी भांडी घासताना काशाबाई म्हणाली, "ताई, औंदा पऱ्हाटी न्हाई भेटली. आम्ही उपटायची अन् आम्हीच सरपणाला न्यायची, असंच चालू होतं. औंदा शेताच्या मालकानं उपटायला मशीन लावलं. टेम्पो भरून तुमच्या ठोकळ्यांच्या कारखान्याला गेली."

तिची लेक घरी बाळंतीण आहे. सिलेंडर कसाबसा स्वयंपाकाला पुरतो. न्हाऊ घालायला, शेक द्यायला पऱ्हाटीच लागते.

मी म्हणाले, "तिला इथे आण. माझ्याकडे न्हाऊ दे."

ती हसली. "ओली बाळंतीण जीपमधी बसवून आणू? लोकं म्हणतील, निघाली फिरायला."

"मग पाणी कशावर तापवतेस?"

"शेळीच्या खोपटाचं दार फोडलं काल."

माझ्या बाळंतपणात आईनेही न्हाणीच्या चुलीत हीच पऱ्हाटी घातली होती. तिचा तडतडाट मला पडल्या पडल्या ऐकू यायचा. मग वाया हा शब्द मला सुचला तरी कसा? लिहिण्याआधी एकदा काशाबाईला विचारायला हवं होतं. रोज घरात येते ती.

सव्वा महिन्याचं बाळंतपण, आज आठवा दिवस. खोपटाचं दार ते केवढं असणार.