ऑगस्टात ये, मी थांबते

६ मार्च ८३, रवि.

योगराणीचं पत्र काल आलं. आज चौथ्यांदा वाचलं. ‘सतरा वर्षं नुसती पत्रंच लिहायची का? या जुलैत ये.’ मॅट्रिकच्या वर्षी एका मासिकाच्या पत्रमैत्रीच्या पानावरून मी तिचा पत्ता उचलला, तेव्हा ती श्रीलंकेत, जाफन्याजवळच्या तमिळ गावात होती. आता कोलंबोत बँकेत आहे, खोली घेऊन एकटी राहते. मी घाटकोपरला आईजवळ, अंधेरीच्या औषध कंपनीत टायपिस्ट. लग्न दोघींचंही राहिलं. भेट एकदाही नाही. तिचा एकच फोटो माझ्याकडे, त्या पहिल्या वर्षाचा. दोन वेण्या, डोळे मिटायच्या बेतात.

जायचं. एकटीनं. ठरलं.

आईला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “बोटीन? तू? मालवणच्या बोटीत माझ्या लुगड्यार ओकलंस, ता इसारलंस?” तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई काही विसरत नाही.

११ मार्च

दादा कांदिवलीहून मुद्दाम समजवायला आला. “विमानानं जा ना, दोन-तीन तासांत पोचशील. हे काय रेल्वे, बोट, बस? आणि एकटी?” म्हटलं, माझी पत्रं दहा-बारा दिवस कुठून कुठून जातात ते मला बघायचंय. “वेडी आहेस का गं तू?” असेन.

मार्ग: दादर–मद्रास. मद्रास–रामेश्वरम. मग बोट, तीन-चार तास समुद्र, तलाईमन्नार. यो. लिहिते की धक्क्यावर उतरलीस की समोर गाडी उभीच असते. मदवाच्चीला बदलून जाफना. तिथे स्टेशनवर ती येणार, पुढे बसनं तिच्या गावी. तिनं नकाशा काढलाय, त्यात बस थांब्याजवळचं चिंचेचं झाडसुद्धा आहे. जुलैच्या शेवटी गावच्या देवीचा उत्सव असतो. वर्षाची सगळी रजा ती त्यासाठी राखून ठेवते.

२१ मार्च

पासपोर्टचा अर्ज दिला. फोटोत मी चोरासारखी दिसते. आता पोलीस चौकशी, मग पासपोर्ट. दीड-दोन महिने, म्हणे. जुलै लांब आहे.

२८ एप्रिल

काही नाही. रोज संध्याकाळी पेटीत हात घालून बघते.

१३ मे, शुक्र.

पासपोर्ट ऑफिसचं पत्र. ‘सदर पत्त्यावर अर्जदार राहत नसल्याचे आढळून आले.’

मी राहत नाही! जन्म इथे गेला. बाथरूमच्या रांगेत माझा नंबर सगळ्या चाळीला पाठ आहे.

१४ मे

उलगडा झाला. शेजारच्या खोतकाकू. एप्रिलात दुपारी हवालदार आला होता, आई तेव्हा दादाकडे, मी ऑफिसात. त्यानं माझं नाव घेऊन विचारलं. काकूंना वाटलं, पोरीवर काही बालंट आलंय. म्हणाल्या, “अशी कोणी मुलगी इथे राहत नाही. जा तुम्ही.” वर आम्हाला काही बोलल्या नाहीत, आईला घोर नको म्हणून.

आज माझ्यासमोर बसून रडल्या. “अगं, पोलीस एकट्या बाईचं नाव घेतो म्हटल्यावर मी काय सांगणार होते?” लहानपणी ताप आला की याच मला मांडीवर घेऊन बसायच्या. ओरडायचं होतं, पण तोंडातून ‘असू दे काकू’ एवढंच निघालं. मग आत जाऊन उशी बडवली.

२० मे

चौकीत. “कागद परत गेले ना, आता वरून नवीन चौकशी निघेल तेव्हा.” कधी? “निघेल तेव्हा.”

२ जून

चौथी फेरी, तेच. जुलै गेला. यो.ला लिहिलं. जुलै जमत नाही, ऑगस्ट चालेल का, तू रजा पुढे ढकलशील का? लिहिताना लाज वाटली, तिचा उत्सव चुकणार. पण लिहिलं. पेटीत टाकलंसुद्धा.

२५ जून

यो.चं उत्तर! ‘बँकेनं रजा बदलून दिली. अम्मा रागावली आहे, निवळेल. देवी दर वर्षी आहे, तू सतरा वर्षांत एकदा. जुलैभर मी कोलंबोतच आहे. ऑगस्टात ये, मी थांबते.’ खाली लिहिलंय की आता आधी कोलंबोलाच ये, माझी खोली बघ, मग दोघी मिळून गावी जाऊ.

इतका आनंद झाला की खोतकाकूंना हाक मारून पत्र वाचून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी मान हलवत राहिल्या.

२७ जून, सोम.

चौकीत. वर्ल्ड कप जिंकल्यापासून कोणी ताळ्यावर नाही. माझा कागद सापडेना. सापडला तेव्हा त्यावर चहाचा कप.

८ जुलै

हवालदार आला! मी अर्धा दिवस घेऊन घरीच. खोतकाकूंनी या वेळी कसर ठेवली नाही. मजल्यावरच्या तीन बायका साक्षीला उभ्या केल्या, माझी शाळेतली बक्षिसं सांगितली, चहा, वर चकल्या. “जन्मल्यापासून इथेच आहे हो, कुठे जात नाही बिचारी.” हवालदार हसून म्हणाला, “मग आता कशाला चालली?”

२० जुलै

पासपोर्ट नाही, तरी दादरला जाऊन ९ ऑगस्टचं मद्रासचं रिझर्वेशन केलं. होईल तोवर. पिशवी काढून ठेवली. आईनं त्यात गुपचूप आवळासुपारी टाकली, बोट लागू नये म्हणून.

२६ जुलै, मंगळ.

सकाळी बस स्टॉपवर पेपर. कोलंबोत दंगल. तमिळांची घरं, दुकानं जाळली. संचारबंदी.

ऑफिसात तीन पत्रं चुकीची टाईप केली.

२७ जुलै

आज आणखी वाईट बातम्या. यो. असते त्या भागाचं नाव पेपरात आहे. शहरभर आहे म्हणा सगळं.

तार करायला गेले. “घेतो, पण पोचेल असं धरू नका.” तार केली. ‘कशी आहेस कळव.’ दुसरं काय लिहायचं?

२९ जुलै

उत्तर नाही.

दादा आला. “वाचलीस. जुलैत गेली असतीस तर?” ऑफिसातही हेच. वाचलीस, नशीब. संध्याकाळी खोतकाकू देवाला साखर ठेवून आल्या. “बघ, माझ्या तोंडून त्या दिवशी देवच बोलला. म्हणून तुला उशीर झाला.” साखर माझ्या हातावर ठेवली. खाल्ली मी.

मी जुलैत गेले असते तर यो. कोलंबोत नसती. रजा घेऊन गावी असती, अम्माजवळ. आम्ही दोघी असतो. हे कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि मला मोठ्यानं म्हणवत नाही. काकूंना तर कधीच सांगता येणार नाही. कोणावर रागावू? हवालदारावर? चहाच्या कपावर? थांब असं मीच लिहिलं होतं.

३१ जुलै, रवि.

आज तिच्या गावी रथाचा दिवस. मार्चच्या पत्रात तारीख आहे. निघतो का रथ, कोण जाणे.

सगळी पत्रं काढून बसले. शेवटचं ते जूनचंच. जुलैत तिनं लिहिलंच नाही की टपालात अडकलं?

३ ऑगस्ट

पासपोर्ट आला. रजिस्टरनं. पोस्टमननं सही घेतली. “परदेशी जाताय?” म्हणाला. आतली पानं कोरी करकरीत. काकूंनी शिरा केला. मी पासपोर्ट पिठाच्या डब्यामागे ठेवला.

५ ऑगस्ट

तिच्या बँकेला पत्र. तिच्या अम्मालाही, सतरा वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर, नावाखाली फक्त गाव. टपाल जातं का हेच पोस्टात कोणाला माहीत नाही.

आईनं आज विचारलं, “तिचो काय?” एवढंच. मी मान हलवली. तिनं माझ्या केसांना तेल लावलं. पाचवीनंतर पहिल्यांदा.

८ ऑगस्ट, सोम.

गाडी उद्या. तिकीट रद्द करायला सकाळी दादरला गेले, खिडकीपाशी पोचले आणि परत आले. दादा म्हणतो, “ते रद्द कर, मग बघू.” बोट चालते का, हे विचारायला ऑफिसातून जहाज कंपनीत फोन केला. “रामेश्वरमला चौकशी करा.”

पेपरात आलंय की बोटीनं तिकडची माणसं रामेश्वरमला येऊन उतरतायत. मी मुद्दाम आईला वाचून दाखवलं नव्हतं. काकूंनी दाखवलं.

रात्री जेवताना आई म्हणाली, “जा गो. रामेश्वरापर्यंत तरी जा. थंय माणसां उतरतत. त्यात ती असली तर?”

बोटीत बसू नको म्हणून पाच महिने भांडली, ती ही.

रामेश्वरमला माझा पासपोर्टही लागणार नाही. धक्क्यावर उभं राहायचं आणि उतरणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे बघायचं. दोन वेण्यांची सोळा वर्षांची मुलगी उतरणार नाही, ती आता तेहतीस वर्षांची आहे. मी ओळखणार कशी? मला तिचं अक्षर तेवढं ओळखता येतं.

पाटीवर तिचं नाव लिहून उभी राहीन. पुठ्ठा ऑफिसातून आणलाय. इंग्रजीत मोठं लिहिलं. तमिळमध्ये कसं लिहितात ते तिनं एकदा शिकवलं होतं, एकोणसत्तरच्या पत्रात. ते शोधतेय.