डाव्या कानातले पक्षी

प्रिय भिंगरी,

अक्षर तुझ्या आजोबांचं आहे, शब्द माझे. मधेच एखादं शहाणपणाचं वाक्य आलं तर ते यांनी घुसडलंय असं समज. मला लिहिता येत नसलं तरी पेन किती वेळ चाललं ते कळतं.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसत पुसत. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तू पहिल्या तारखेला कायमची इथे येणार, मला सांभाळायला. का, तर तुझ्या यंत्रानं काढलेल्या माझ्या डोक्यातल्या रेघा तुला बऱ्या दिसल्या नाहीत. अगं, सात वर्षं घासून मिळवलेली जागा ती! राजीनामा दिला नसशील तर हे पत्र वाचून होईपर्यंत तरी देऊ नकोस.

त्या दिवशी तू मला ती तारांची टोपी चढवलीस, केसांत थंडगार चिकट काहीतरी पिळलंस, वर हुकूम सोडलास: आजी, दात आवळायचे नाहीत, पापण्या लववायच्या नाहीत, मान हलवायची नाही. लग्नातला फोटो काढतानाही मला कुणी इतकं दटावलं नव्हतं. मग दोन कानांत आधीच उतरवून ठेवलेले दोन आवाज. उजवीकडे तुझे साहेब, डावीकडे तू, दोघंही एकामागून एक शब्द म्हणणार. मी लक्ष द्यायचं फक्त उजवीकडे, आणि पक्ष्याचं नाव आलं की बटण दाबायचं.

तू समजावलेलं मला नीट आठवतं. शब्द कानावर पडला की सेकंदाच्या दहाव्या भागात डोक्यात विजेची बारीक लाट उठते, आणि लक्ष त्या कानाकडे असेल तर तीच लाट मोठी होते. माणूस ‘हं’ म्हणायच्या कितीतरी आधी. एका शब्दानं काही दिसत नाही. मी कापडाच्या घड्या एकावर एक ठेवून कापते, तशा शेकडो शब्दांच्या रेघा एकावर एक ठेवल्या की मग ती दिसते. हे ऐकून आजोबा म्हणाले होते, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण सेकंदाचे दहा तुकडे मागणारं गिऱ्हाईक काही भेटलं नाही.

तर उजवीकडच्या शब्दांना माझी लाट निजलेली, बटणं भलत्याच वेळी दाबलेली. तू ठरवलंस, आजीचं लक्ष आता ठरत नाही. पोरी, लक्ष पक्कं ठरलं होतं, फक्त नको त्या कानावर. सगळी बटणं मी डावीकडच्या पक्ष्यांना दाबली. तू घाबरून उजवीकडचीच रेघ बघत बसलीस. डावीकडची काढून बघ. लाट चांगली उभी असेल, आणि बटणांच्या वेळा तिथल्याच साळुंकीशी, बगळ्याशी जुळतील. नाही जुळल्या तर खुशाल ये, मी स्वतः दार उघडीन.

साहेबांच्या आवाजात खोट नाही हो. पण तू एरवी बोलतेस म्हणजे माझ्या शिलाई मशीनची सुई पळते तशी. भिंगरी म्हणतो ते उगाच नाही. तिथे मात्र तू सावकाश बोलली होतीस. एकेक शब्द सुटा, शेवटचं अक्षर जरासं लांबवून. तुझी आई तशीच बोलायची. मी तारा लावून बसलेली, आणि कानात माझी लेक म्हणतेय, साळुंकी, घार, बगळा. मी उजवीकडे वळायचा प्रयत्न केला. खरंच केला, दोन शब्दभर. मग म्हटलं, जाऊ देत साहेब.

इथे आजोबा पाणी प्यायला उठले. तांब्या शेजारीच होता. आता बसलेत परत.

तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आई गेल्यापासून तुझं एकच दुखणं आहे, की तिचा आवाज कुणी कुठेच उतरवून ठेवला नाही आणि तुला तो आठवेनासा झालाय. कामाच्या जागी तुला रडवायला माझी जीभ वळली नाही, आणि माझ्या त्या गप्प बसण्यानं तू नोकरी सोडायला निघालीस. ती सोडू नकोस, हे तर झालंच. पण यांना पत्र लिहायला बसवलं ते दुसऱ्याच कामासाठी. उद्या प्रयोगशाळेतल्या त्या खोलीचं दार लावून घे. साहेबांचा आवाज बंद कर, फक्त डावीकडचा चालू ठेव आणि डोळे मीट. आता पापण्यांना कुणाची मनाई नाही. घाई करू नकोस. ती तिथे आहे, पक्ष्यांची नावं सांगतेय.

तुझीच,
उजवं सोडून डावं ऐकणारी आजी