डोरीनसाठी चपला

कळंबा, कोल्हापूर

प्रिय प्रसेनजीत,

तुझा फोन आल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय बघ. मेलबर्नमध्ये बसून तुला एकाएकी बायकी कोल्हापुरी चपलांचा जोड हवा, तोही शेजारच्या डोरीनसाठी! सूनबाई क्रांती दुसऱ्या बाळंतपणाला दवाखान्यात असताना आपली थोरली श्रुती जिच्या मांडीवर झोपायची, तीच ना ही? तो मुलूख मुळात तिच्या लोकांचा, तिथल्या आदिवासींचा. घटनेत त्यांची दखल घ्यावी, कारभारात त्यांचं म्हणणं ऐकावं, एवढ्यासाठी तिथं देशभर मतदान झालं, आणि माझ्या पोरानं कुंपणावर 'नाही'ची पाटी लावली. ज्याच्या आजोबांनी छप्पन साली धम्माची दीक्षा घेतली, त्या पोरानं! मी विचारलं तर तिकडचं मला कळत नाही म्हणालास. नसेल कळत. पण तेव्हापासून ती दिसली की तू मान खाली घालतोस, हे क्रांतीकडून कळलं.

मग आत्ताच माया कशी उतू चालली? मला संशय येतो, लपवत न्हाय. गेल्या लोकसभेला आपली गल्ली आणि वरची आळी एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली, तुला ठाऊक आहे. निकालानंतर वरच्या आळीतला भाऊसो पेढे घेऊन आला, झालं गेलं विसरा म्हणाला. मला बरं वाटलं रे, खोटं कशाला बोलू. आलं घालून चहा केला. त्यानं कप हातात धरला, बरोबरच्यानं फोटो काढला, आणि कप तसाच ठेवून पावणं गेलं की! चहावर साय धरली. असा संताप आला मला, पेढ्यांचा पुडा अंगणात भिरकावला.

काल क्रांती बोलून गेली. तुझ्या कंपनीत तिच्या लोकांशी समेटाचा कार्यक्रम आहे, तिथं डोरीनला बोलावून साहेबांसमोर चपला द्यायच्या आहेत. व्हय रं? फोनवर तू मला गुंडाळतोस, म्हणून हे लिहिलं. चपला आणल्यात, पण धाडणार न्हाय. आधी रिकाम्या हातानं तिच्या दारात जा. पाटी का लावलीस, ते खरं सांग. चहा दिला तर बसून पी, शिव्या दिल्या तर त्या ऐक. आणि तोंडावर दार लावलं तर गपगुमान घरी ये, तिच्यावर रुसू नकोस. दार तिचं आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
आई