ताईची पाठ, आहे तशी

३ फेब्रुवारी
जमलं! ताई माझ्या चित्रासाठी बसायला तयार झाली. डॉक्टरांना त्यांच्या शरीररचनेच्या पुस्तकात वाकड्या कण्याचं चित्र हवंय. तसा कणा आमच्या घरातच आहे — पण ताईने तो आजवर आरशालाही दाखवलेला नाही. मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगून आलेय, पुस्तकातलं सगळ्यात चांगलं चित्र हेच होणार. आता तोंडघशी पडायला नको.

५ फेब्रुवारी
ताई खिडकीपाशी, पाठमोरी. "गार लागतंय गं. आणि बडबड कमी कर."

कणा मानेखाली उजवीकडे वळतो, कमरेशी परत येतो. एक खांदा वर. काय देखणी पाठ आहे! सरळ पाठी काढून काढून मी किती कंटाळले होते, ते आज कळलं.

८ फेब्रुवारी
कातडीखालची हाडंही काढून झाली. वरून शाई फिरवली. हात आहे बाई माझा! (मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार?)

९ फेब्रुवारी
डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून कणाच बघत बसले. "अप्रतिम!" मी तरंगतच घरी आले. ताईला म्हटलं, एकदा बघ तरी.

बघितलं तिने. मग हात मागे नेऊन स्वतःच्या बरगड्या चाचपल्या.

"ही मी नाही. तू मला दुरुस्त केलंस. छापायचं नाही."

खरंच की! बरगड्यांची एक बाजू काढायची, ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरी उतरवून घ्यायची — आम्हा सगळ्या चित्रकारांचीच खोड. सरळ पाठीला खपून जाते. ताईच्या उजव्या बरगड्या फाकलेल्या, डाव्या एकमेकींना चिकटलेल्या. मी दोन्हीकडे सारख्याच काढल्या! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० फेब्रुवारी
ताई आज एकटीच जेवली.

११ फेब्रुवारी
तिच्यासमोर ट्रेसिंग पेपर टराटरा फाडला. म्हटलं, पुन्हा बस.

"बसते. पण छापायचं की नाही, ते मी ठरवणार."

१५ फेब्रुवारी
एकेक बरगडी बोटांनी चाचपून काढली. डावी वेगळी, उजवी वेगळी. पहिल्या चित्राइतकं गोड नाही हे. पण ताई आहे ही, अगदी ताई! असं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. ऊर भरून आला — लिहायला लाज कसली?

१६ फेब्रुवारी
ताईने चित्रातल्या बरगड्यांवरून बोट फिरवलं.

"छाप. पण खाली नाव घाल. तुझं नाही — माझं. पूर्ण."