दोन माणसांचं मशीन

वाशीम, सन १९५७

८ जुलै, सोमवार
ओव्हरसियर साहेबांनी (पुढे नुसतं ओ. सा. लिहीन) बोलावलं. म्हणाले, "गंगाराम, यंदा डाकबंगल्याच्या लॉनसाठी गवत कापायचं मशीन घ्यायचंय. अकोल्याला जाऊन पाहून ये. चालवायचं तुला आहे, तर निवडायचंही तूच." चौथी पास माळ्याला असं कोण विचारतं? छाती दोन बोटं फुगली. घरी येऊन रुखमाला सांगितलं तर म्हणते, "मशीन गवत कापीन, तं आपन काय टाया वाजवू?" बायको आहे की वकील.

बाप असता तर हसून लोळला असता. त्याने जन्मभर वांग्याच्या वाफ्यांतून हरळी खणून काढली, आणि पोरगा सरकारी पगार घेऊन तिलाच लॉन म्हणून पाणी घालतो.

१० जुलै
रुखमाचा डावा गुडघा पुन्हा सुजला. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, चालणं-फिरणं चालेल, उकिडवं बसणं आजपासून बंद.

आमचं कामच ते. दोघांनी शेजारी शेजारी उकिडवं बसायचं, विळा चालवायचा, बेडकासारखं पुढे सरकायचं. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत पोचायला तीन दिवस. मी कायम नोकर, ती रोजंदारीवर. बावीस वर्षं हेच. कापता कापता बोलतो. म्हणजे ती बोलते, मी हं हं करतो. भाजीबाजारातली भांडणं, शेजारणीची सून, कोणाच्या गाईला काय झालं. घरी आल्यावर ती चुलीपाशी, मी बाजेवर; बोलायचं असं काही उरत नाही. लेकरू झालं नाही. जो काही संसार झाला तो या गवतावर झाला.

ती घरी बसली तर मी...

१५ जुलै, सोमवार
अकोला. सकाळची गाडी, दुपारी दुकानात. शेठ भला माणूस, आधी पाणी दिलं.

दोन मशीनं दाखवली. लहान बारा इंची, दोन बाजूंना चाकं. एकट्याने ढकलायचं, पोरखेळ. मोठं सोळा इंची, मागे लोखंडी रूळ. त्याला दोन माणसं लागतात: एकाने मागून मूठ धरून ढकलायचं, दुसऱ्याने पुढून दोर खांद्यावर घेऊन ओढायचं. शेठ स्पष्ट म्हणाला, "तुमच्या लॉनले लहानच भलं. एकला माणूस एका दिवसात मोकळा."

पाती पाहिली. मोठ्याला आठ होती. शेठ म्हणे आठ पात्यांनी मखमल होते. मी म्हटलं, मखमल साहेबाच्या गादीला. हरळीचे दांडे आठ पात्यांत अडकून बसतील. पाच पात्यांचं काढा. काढलं. कागदाचा कपटा खालच्या पात्यावर धरून पात्यांचा नळा हाताने फिरवला. कात्रीसारखा कापला गेला पाहिजे, चुरगळला तर पातं लागत नाही. या टोकाला कापला, त्या टोकाला चुरगळला. पेच आवळून पुन्हा पाहिलं, मग कापला. शेठ म्हणाला, "काका, तुमी माळी हाये का मिस्त्री?" बरं वाटलं.

पण खरं सांगायचं तर माझी नजर दोरावर होती. दोर ओढणारा उभा असतो. त्याला उकिडवं बसावं लागत नाही.

१६ जुलै
ओ. सा. ना सांगितलं: मोठं घ्या, पाच पात्यांचं. लहान हरळीत अडकेल. एकट्याचं काम नाही.

लहान अडकलं नसतं. मला ठाऊक आहे.

१८ जुलै
दोन दिवस जेवण गोड लागत नाही. साहेबांशी आजवर खोटं बोललो नव्हतो. रुखमा विचारते, पोट बिघडलं का. म्हटलं, हो. ओवा दिला. खाल्ला.

२ ऑगस्ट, शुक्रवार
मशीन मालगाडीने आलं. महिनाभर वापरून पाहायचं, नाही पटलं तर शेठ बदलून देणार. पेटी फोडताना बंगल्यावरची सगळी माणसं गोळा. चौकीदार रहमतभाई म्हणाला, "अरे, ये तो तोप है!"

३ ऑगस्ट
पहिला फेरा रहमतभाईला दोर देऊन. गवत ओलं, पात्यांत लगदा. उंची दोन खाचा वर घेतली, ऊन पडेपर्यंत थांबलो, मग सुटलं. कापल्याचा वास मात्र विळ्यापेक्षा चांगला. चार फेऱ्यांनंतर रहमतभाईने दोर टाकला आणि म्हणाला, "गंगाराम, ये बैल का काम है. मेरी नौकरी चौकीदार की."

मी आतून खूष. जागा रिकामी झाली.

५ ऑगस्ट, सोमवार
फजिती. रुखमाला मुद्दाम घेऊन गेलो. म्हटलं, पाय मोकळे होतील, बसायचं नाही काही नाही, हा दोर खांद्यावर घे आणि सरळ चाल. तिने दोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चपराशी व्हरांड्यात उभे.

"मले जुपता?" एवढंच म्हणाली. पदर सावरला आणि लंगडत फाटकाबाहेर.

मला हे आधी सुचायला नको होतं का? गाढवालाही सुचलं असतं.

६ ऑगस्ट
बोलत नाही. भाकरी मात्र गरम वाढली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

८ ऑगस्ट
आज लिहायला हात शिवशिवतो आहे.

मी एकटाच मशीनशी झटत होतो. मागून ढकलायचं, थांबायचं, पुढे जाऊन ओढायचं, असा येड्याचा कारभार. पाहतो तर रुखमा फाटकातून येत होती. आली, मूठ माझ्या हातातून घेतली. म्हणाली, "सरा फुडं. दोर तुमी घ्या."

"अवं, लोक हासतीन," मी म्हटलं.

"परवा माह्यावर हासनार होते ते चाललं असतं का?"

घेतला दोर खांद्यावर. चपराशी हसले, रहमतभाई तर खांबाला धरून हसला. "बीबीने मियाँ को जोत दिया!" पहिल्या फेऱ्यात कान तापले. दुसऱ्यात मागून तिचं हसू ऐकू आलं, तोंडावर पदर धरून हसते तसं. मग मलाही आवरेना.

आणि खरी गोष्ट अशी की मूठ धरली की तिच्या गुडघ्यावर भार येत नाही. काठी धरून चालल्यासारखं होतं. तासभर चालली, सूज नाही. गवतावर पट्टे इतके सरळ पाडले की ओ. सा. पायऱ्यांवर थांबून पाहत राहिले. मला हे सुचलं नव्हतं. तिला सुचलं.

१४ ऑगस्ट
उद्या बंगल्यासमोर झेंडा. दोघांनी अख्खं लॉन एका दिवसात काढलं. ती मागून बोलते, मी पुढून हं हं करतो. तोंडं एकाच दिशेला असल्याने तिला माझा चेहरा दिसत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने विचारते, "आइकून राह्यले ना?" ऐकतो आहे, बाई. दुसरं काय ऐकायचं मला?

खांदा सोलवटला आहे. सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार
शेठचा मिस्त्री पाती पाहायला आला. चांगला पोरगा, काम नीट केलं. जाताना रुखमादेखत म्हणाला, "काका, बारा इंचीच न्यायचं होतं. एकल्यानं भागलं असतं. शेठनं सांगतलं होतं नं तुमाले?"

रुखमाने मूठ सोडली.

घरापर्यंत ती पुढे, मी मागे. दारात पोचल्यावर म्हणाली, "मले इचारलं काहून नाई?"

मी म्हटलं, "तुह्यासाठीच केलं. तुही रोजंदारी राह्यली पाह्यजे, तुले घरी करमलं पाह्यजे."

"माह्यासाठी नाई. तुमाले एकल्याले करमत नाई म्हनून." मग उंबऱ्यावर बसली, पाय लांब करून. "बावीस वर्सं उन्हात बसली तुमच्या बाजूनं. कधी इचारलं का, रुखमे, थकली का? घरी राहावं वाटते का तुले?"

मी उभाच. नाही विचारलं. एकदाही नाही.

१८ ऑगस्ट
रविवार. ती शेजारणीकडे वाती वळत बसली होती. पाय लांब, पाठ भिंतीला. हसत होती. मी अंगणातून पाहिलं आणि परत फिरलो. दुपारचं असं निवांत बसलेलं तिला मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्याशिवाय ती घरी वाळून जाईल. वाळणारा मी आहे.

१९ ऑगस्ट
आली कामाला. मूठ धरली, पट्टे सरळ. पण मुकी. मी दोनदा मागे वळून "आइकून राह्यलो" म्हटलं. ती काही बोललीच नव्हती.

२० ऑगस्ट
ओ. सा. कडे गेलो आणि सांगून टाकलं. साहेब, खोटं बोललो. लहान मशीन चालेल, एकट्याने होईल. मोठं घेतलं ते बायको कामावर राहावी म्हणून.

वाटलं, आता नोकरी गेली. साहेब बराच वेळ कागद खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "मोठ्या मशीनने काम वाईट झालं का?" नाही साहेब, चांगलं झालं. "लॉन मलाही दिसतं, गंगाराम. पण मला कागदावर खरं हवं. मोठं ठेवायचं तर माणसं दोन लागतील, दुसऱ्याची रोजंदारी मी वर लिहून मंजूर करून घेईन. लहान आणायचं तर एक. पोळा झाला की तुझ्या हाताने लिहून दे, एक की दोन. आणि पुन्हा असं करू नकोस."



२१ ऑगस्ट
रुखमाला सांगितलं की साहेबांना सगळं खरं सांगून आलो. "बरं केलं," म्हणाली. आणखी काही नाही. पण भाजीत मीठ बरोबर होतं, परवा नव्हतं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
उद्या पोळा. आज खांदशेकणी. गल्लीत ज्याच्या त्याच्या दारी बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं. आमच्याकडे बैल नाही, कधी नव्हता.

दिवेलागणीला रुखमा वाटी घेऊन आली. लोणी आणि हळद, वर पळसाचं पान. म्हणाली, "बसा. अंगरखा काढा." म्हणजे तिने खांदा पाहिला होता. मी लपवत होतो आणि ती रोज मागून पाहत होती.

पान जरा शेकून घेतलं, लोणी-हळद लावून दोराच्या वळावर हळूहळू चोळलं. चुरचुरलं, मग थंड वाटलं. चोळून झाल्यावर कानाशी वाकली आणि लोक बैलाला म्हणतात तसंच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. माझी एवढी सरबराई आजवर कोणी केली नव्हती. म्हटलं, "रुखमे."

"काय?"

"तुले यायचं हाये का कामाले? का घरी राह्याचं हाये? साहेबाले लिहून द्याचं हाये. तू म्हनशीन तसं लिहीन."

तिचा हात खांद्यावरच थांबला. शेजारच्या अंगणात कोणी बैलाला हाक मारत होतं.

मग म्हणाली, "उद्या पोळा. उद्या कोनाले जुपत नाईत. परवा सांगीन."

बावीस वर्षांत मी पहिल्यांदा विचारलं, तिने दोन दिवस मागितले. फार नाहीत. 'एक' लिहावं लागलं तरी लिहीन.