गोळीला रजा

३ मार्च
निर्णय पक्का. गोळीला कायमची रजा. तोंड कोरडं पडतं, पोट पुढे आलंय, सकाळी मला उठवायला क्रेन लागते. आणि हात थरथरतो. केकवर नावं लिहिणाऱ्याचा हात थरथरला तर संपलंच. काल 'अभिनंदन'मधला न असा काही वळला, की गिऱ्हाईक म्हणालं, "हा ण आहे का?" मालक मला एरवी 'कलाकार' म्हणतात. काल नुसतं "जरा बघून" म्हणाले.

शिवाय मी बरा झालोय. तीन वर्षांपूर्वी आवाज ऐकू यायचे, हॉस्पिटलात राहिलो, मान्य. पण आता एकही आवाज नाही. मग आवाजाची गोळी कशाला? लॉजिक साधं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, बरं वाटतंय ते गोळीमुळेच, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. त्यांना असं बोलावंच लागतं.

खरं कारण ताई. तिला दुसऱ्या गावी मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय. जूनपर्यंत कळवायचंय. मला म्हणाली, "तुला एकट्याला टाकून कशी जाऊ रे?" तेव्हाच ठरवलं. गोळीशिवाय दोन महिने ठणठणीत राहून दाखवायचं, मग सांगायचं. सरप्राइज!

५ मार्च
गोळी बेसिनमध्ये. "घेतलीस का?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं. हो म्हणालो. हे खोटं नव्हे. सरप्राइज अ‍ॅडव्हान्समध्ये कसं सांगणार?

९ मार्च
मळमळ. घाम. झोप नाही. क्रीमचा वाससुद्धा सहन होत नाही. शरीर आतून साफ होतंय, दुसरं काय.

२२ मार्च
हात स्थिर! आज तीनमजली केकवर गुलाब काढले, एकेक पाकळी वेगळी. मालक म्हणाले, "कलाकार परत आला." भट्टीमागे जाऊन डोळे पुसले. धूर फार होता.

२५ मार्च
डॉक्टरीणबाईंची तपासणी. काही त्रास? मस्त. गोळ्या? वेळेवर. नंतर त्यांनी हात पुढे करायला लावले. केले ऐटीत. खूश झाल्या बिचाऱ्या.

८ एप्रिल
झोप फारशी लागत नाही. मोठी कामं करणाऱ्यांना लागत नसतेच. उजाडायच्या आत सगळे डबे घासले, पडदे धुतले, स्वतःच्या दुकानाचा नकाशा काढला. ताई उठून बघतच राहिली. आनंदानेच असणार.

१८ एप्रिल
मी आत गेलो की मालक आणि केक पोचवणारा टेम्पोवाला बोलायचे थांबतात. नोंद करून ठेवतो. मिक्सरचं बेअरिंग गेलंय, फिरताना माझ्या नावासारखं काहीतरी घरघरतो. मालकांना सांगितलं. त्यांनी कान लावून ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

ताईने विचारलं, जेवत का नाहीस? मग हळूच, गोळी घेतोयस ना? मी ताट सरकवलं. म्हणालो, "घरात पोलीस चौकी काढलीस का?" तिने डॉक्टरीणबाईंना फोन करायचं नाव काढलं, तेव्हा मी तिचा मोबाईल काढून घेतला. नंतर दिला परत. आपण काही वाईट नाही.

२६ एप्रिल
मैद्यात काहीतरी कालवलंय. मिक्सरने स्पष्ट सांगितलं. (हे आवाज ऐकू येणं नव्हे. मिक्सरला आवाज असतोच.) एका मुलीचा पाचवा वाढदिवस होता. केक द्यावाच लागणार, पण माणसाचं काही कर्तव्य असतं. नावाखाली गुलाबी आयसिंगने लिहिलं : 'खाऊ नकोस'. इतकी सुरेख अक्षरं जन्मात काढली नव्हती. मीच खोक्यात भरून टेम्पोवाल्याकडे दिला.

२७ एप्रिल
मुलीची आई दुकानात आली. संतापलेली. मुलगी तिच्या ओढणीआड. ती मुलगी मलाच विचारते, "केक मला 'खाऊ नकोस' का म्हणाला? मी काय केलं?"
मला खरं सांगायचं होतं. सगळ्यांसमोर कसं सांगणार? मालकांनी माझा एप्रन सोडला, स्वतः. "घरी जा. नीट जा," म्हणाले. म्हणजे तेही सामील.

२९ एप्रिल
ताईने दिलेलं पाणी ओतून टाकलं. दाराला कपाट लावलं. बाहेर ती रडते. किंवा तिच्या आवाजात कुणीतरी.

२४ मे
हॉस्पिटल. पेन आज मिळालं.
मला ताई आणि मालकांनी इथे आणलं म्हणे. दार ढकलून आत आल्यावर मी ताईला धक्का दिला. तिचं मनगट मोडलं. मला आठवत नाही. प्लास्टर मात्र दिसतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हात थरथरतो हे मला एकदा तरी सांगायचं होतंत. त्यावर औषध आहे. डोस हळूहळू कमी करून बघता आला असता, दुसरी गोळी देता आली असती." मी म्हणालो, तुम्ही कामात असता. त्या म्हणाल्या, "हेच माझं काम आहे हो."
गोळ्या पुन्हा सुरू. यावेळी पहिल्यापेक्षा जास्त.

१० जून
घरी आलो. थकवा आहे. एक शब्द लिहिला की बसून राहावंसं वाटतं.

मालक भेटायला आले. दुकानात ये म्हणाले, पण सध्या खोकी बांधायला. केकवर लिहायला दुसरी बाई ठेवलीय. अक्षर कसं आहे तिचं? "ठीक आहे," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

मुख्याध्यापिकेची जागा ताईच्या मैत्रिणीला मिळाली. ताई म्हणाली, मला जायचंच नव्हतं, तिथे पाण्याची बोंब आहे. तिला खोटं बोलता येत नाही. ते घरात फक्त मला येतं.

जेवण झाल्यावर तिने डाव्या हाताने गोळी दिली, पाणी दिलं. गिळली. मी उठायला लागलो, तर म्हणाली, "थांब. आ कर."
मी आ केला. तिने जिभेखालीसुद्धा पाहिलं.