लिदीत काहीच सापडलं नाही

३ मार्च
आज रुजू झाले. पागेच्या वरचीच खोली मिळालीय. एक खाट, एक टेबल, सूक्ष्मदर्शक मावेल एवढी रुंद खिडकी आणि खाली अकरा घोडे. कुत्र्यामांजरांचे कान साफ करून जीव विटला होता. आता खरं काम. मालकीणबाई साठी उलटलेल्या, पण कणा ताठ. नव्या सुनेची सासरच्यांशी ओळख करून द्यावी तशी त्यांनी एकेका घोड्याशी माझी ओळख करून दिली. अंगं अशी तुकतुकीत की त्यात तोंड बघावं. घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला सगळे मामा म्हणतात, मीही म्हणायला लागले. बोलतात कमी, हसतात छान.

४ मार्च
मामा रोज सकाळी बोथट सुरीने घोड्यांच्या पुढच्या पायांवरून माशीची अंडी खरवडतात. पिवळी, खसखशीएवढी, केसाकेसाला चिकटलेली. घोडा पाय चाटतो, अंडी पोटात जातात, अळ्या जठराला चिकटून बसतात आणि वर्षभराने लिदीतून बाहेर पडतात. कॉलेजात घोकलेला धडा. मीही सुरी घेऊन बसले. मामा म्हणाले, हातमोजे घाला. एवढ्या उकाड्यात कोण घालतंय!

११ मार्च
अकराही घोड्यांची लीद दोनदा तपासली. जंताचं एक अंडं नाही. अंगावर गोचीड नाही, आयाळीत ऊ नाही. एकाच कुरणात चरणाऱ्या घोड्यांमध्ये हे होत नाही. मालकीणबाई अभिमानाने म्हणाल्या, सहा वर्षांत जंताचं औषध लागलेलंच नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना, पण चांगल्या बातमीला नावं कशाला ठेवा.

२० मार्च
निवासी शाळेचे मास्तर आले होते. मुलांना घोडेस्वारी शिकवायची म्हणून दोन घोड्या घेऊन गेले. माणूस बडबड्या पण प्रेमळ. घोड्यांची नावं काय ठेवायची यावरून मुलांत आत्ताच मारामाऱ्या चालू आहेत म्हणे. ‘परजीवी आढळले नाहीत’ असं प्रमाणपत्र मी दिलं. सही ठळक केली.

१५ मे
खुराक दुप्पट केलाय तरी पुरत नाही. दुपारी, ऊन भिंतीवरून उतरलं की, नऊच्या नऊ घोडे एकाच वेळी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघतात. पोट दुखणारा घोडा असंच बघतो, पण नऊ जण, एकदम? मामांना विचारलं. ते म्हणाले, दुखत नाही त्यांना, ऐकतात ते.

२ जुलै
आमच्या बुटक्या तट्टाला आज जंताचं औषध दिलं. ते फारच मलूल दिसत होतं. मामांनी माझं मनगट धरलं. नका देऊ म्हणाले. मी हात सोडवून घेतला.

३ जुलै
बुटका सकाळी दहाला गेला. तडफडला नाही. आतून हवा गेल्यासारखा बसत गेला. पोट मी स्वतः उघडलं.
जठर नव्हतं.
म्हणजे जठराच्या आकाराचं काहीतरी होतं, पण ते सगळं अळ्यांचं होतं. एकीला एक दातात धरून, विटेवर वीट बसवावी तशा. आतडंही तसंच. बाहेर पडणाऱ्या या अळ्या नव्हत्याच. बाकीच्या जंतांना त्यांनी जागाच ठेवली नव्हती. जुनी भिंत खाऊन तिच्या जागी त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीच घोडा उभा धरला होता, आणि मी त्यांना मारलं.

४ जुलै
मामांनी सदरा वर केला. बेंबीच्या वर, कातडीखाली, काहीतरी संथ सरकत होतं. पाच वर्षं झाली म्हणाले. त्यांच्या बायकोला झालं तेव्हा दवाखान्यातून गोळी आणून त्यांनीच तिला दिली. संध्याकाळपर्यंत होती. महिन्या-दीड महिन्याचं असेल तर औषध चालतं, त्यापुढे नाही. मालकीणबाईंना माहीत आहे? हो म्हणाले. त्याही तशाच.

५ जुलै
मास्तरांना फोन केला. मुलांना घोड्यांपासून लांब ठेवा, कुणालाही जंताचं औषध देऊ नका. ते हसले. बाई, तुमचंच प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय म्हणाले.

१९ जुलै
बुटक्याच्या पोटातल्या अळ्या तासाभरात विरून गेल्या, म्हणून मोठ्या प्रयोगशाळेला लिदीचेच नमुने पाठवले होते. उत्तर आलं: नमुने निर्दोष. लिदीत काही येतच नाही, तर त्यांना तरी काय सापडणार.

२ ऑगस्ट
डाव्या कोपराच्या आत लाल रेघ. काल होती त्याहून चार बोटं वर.
मोजायला नको होतं.

९ ऑगस्ट
रेघ गेली. आत उतरली. पाच महिने झाले — म्हणजे ही पहिली अळी नव्हे. भूक. ताट संपतं, मी उठते, परत बसते. दुखत मात्र काहीच नाही. मामा म्हणाले, दुखू देत नाहीत.

१७ ऑगस्ट
शाळेचा फोन लागत नाही. पत्र टाकलं. दुसरंही टाकलं. निघायचं ठरवलं, फाटकापर्यंत गेले आणि पाय — पाय माझे होते, पण —
मालकीणबाईंनी हाताला धरून परत आणलं. मायेने. घोट घोट पाणी पाजलं.

२० ऑगस्ट
मामा सकाळी खुराक घालायला उठले नाहीत. गावात जंताच्या गोळ्या वाटत होते, कुणीतरी दिली असेल — की स्वतःच — विचारायला कोण आहे.
आता दुपारी मीही पोटाकडे बघते. ऐकू येतं. शब्द नाहीत, पण —

२१ ऑगस्ट
फोन लागला. मास्तरच होते. आवाज बसलेला.
मुलं खा खा करत होती, वजन मात्र वाढेना, म्हणून शाळेच्या डॉक्टरांनी आज प्रार्थनेनंतर सगळ्यांना जंताच्या गोळ्या दिल्या. चाळीसही जणांना.
मी विचारलं, आत्ता मुलं कुठे आहेत.
मैदानात बसलीत म्हणाले. शांत आहेत. सगळी एकदम बसली. उठवायला जातो, तुम्ही फोन धरून ठेवा.
धरून बसलेय. पावलं ऐकू आली, धावत गेलेली. मग एकेकाला नावाने हाक मारताना ऐकतेय — सात — आठ — कुणीच ओ देत —